दिवसाढवळ्या दिवे

४ ऑक्टोबर

आलं एकदाचं पत्र! ‘आपल्या लघु जलविद्युत प्रकल्पाची पाहणी करण्यात येईल.’ प्रकल्प म्हणे. ओढ्यावर एक चाक, पत्र्याची एक खोली, एक म्हातारा जनरेटर आणि त्याच्याशी रोज भांडणारी मी — एवढ्याला सरकारदरबारी प्रकल्प म्हणतात. मला आवडलं.

योजना अशी: जिथे मोठी लाइन पोचलेली नाही तिथल्या लहान वीजकेंद्रांना सरकार हातभार लावणार. पाहणीत टिकलो तर नवा जनरेटर, आणि त्याच्याबरोबर ती पेटी — चाकाचा वेग आपोआप सांभाळणारी. सध्या ती पेटी म्हणजे मी. कान चाकाच्या आवाजाकडे, डोळा काट्याकडे, हात पाण्याच्या दाराच्या दांड्यावर.

भावजींनी पत्र बैठकीत वाचून दाखवलं. माझे धाकटे दीर, वस्तीच्या वीज समितीचे अध्यक्ष. वाचताना असा आवाज लावला की जणू पत्र त्यांनीच लिहिलंय. अर्ज करून करून बोटं माझी झिजली, ते राहिलं बाजूला. असू दे. जनरेटर येऊ दे, मग हार भावजींच्या गळ्यात घाला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, “बरं झालं. जेवून जाशील की तशीच पळशील?” तशीच पळाले. संध्याकाळी सगळी वस्ती वीज ओढते, तेव्हा चाकावर माणूस लागतो. तिथेच डबा खाल्ला, तिथेच आडवी झाले, रोजच्यासारखी.

९ ऑक्टोबर

पानगळ सुरू झालीय. पाटाच्या तोंडच्या जाळीवर पानांचा हा थर! सकाळपासून दाताळ्यानं ओढतेय. हात गारठून लाकूड झालेत.

पाहणीला येणाऱ्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. सगळ्यात आधी दिव्यांचं सांगावं लागणार. आमच्याकडे दिवे दिवसा जळतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की हसतो, मग उपदेश करतो — केवढी ही उधळपट्टी! अरे बाबा, पाणी चाकाला सारख्याच जोरानं ढकलतं. वस्तीनं एकदम वीज घ्यायची थांबवली की चाक दावं सुटलेल्या बैलासारखं उधळतं. काटा चढतो, दिवे फुटतात, आणि वेळेत पाणी तोडलं नाही तर जनरेटरच जळतो. म्हणून आमच्या दिव्यांना बटणंच नाहीत. ह्यांनी मुद्दाम बसवली नाहीत. गिरणी बंद करायची तर गिरणीवाला आधी घंटा वाजवतो, मी दार थोडं खाली घेते, मग तो बंद करतो. लग्न होऊन वस्तीत येणाऱ्या मुलीला घर दाखवायच्या आधी सांगतात, दिव्याला हात लावायचा नाही. माझ्या जाऊबाईला मीच सांगितलं होतं. तिला वाटलं ही थोरली जाऊ पहिल्याच दिवशी धाक दाखवतेय.

हे गेले, पण नियम राहिला. चाकही राहिलं.

१७ ऑक्टोबर

पाहणी पुढच्या आठवड्यात. भावजींनी शर्ट शिवायला टाकलाय. जनरेटरखोलीला रंग द्या म्हटलं होतं, तर अध्यक्ष स्वतःलाच रंगवून घेताहेत.

२३ ऑक्टोबर

वाट लागली. नीट क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

इंजिनिअरबाई सकाळी आल्या. वयानं लहान, पण तयारीच्या. चिखलातून चालत थेट पाटाच्या तोंडापर्यंत गेल्या, जाळी हलवून पाहिली, पाइपाला कान लावला. “कोण चालवतं?” मी म्हटलं, मी. “शिकवलं कुणी?” नवऱ्यानं. “आणि त्यांना?” ओढ्यानं. हसल्या. मला वाटलं, जमलं आपलं. त्यांचा मदतनीस भावजींबरोबर घरं बघायला गेला आणि आम्ही दोघी जनरेटरखोलीत आलो.

बाई काट्याकडे बघून काहीतरी लिहीत होत्या. तेवढ्यात आवाज बदलला. माझ्या आधी त्यांनी ओळखलं. “लोड गेला!” म्हणून वही टाकून त्या दांड्याकडे धावल्या. आम्ही दोघी दांड्याला अक्षरशः लोंबकळलो. दार अर्ध्यावर आलं आणि खाचेत अडकलं. चाक किंचाळत होतं. मग तो वास. जळक्या वार्निशाचा. मग धूर. मग काहीच नाही, नुसता पाण्याचा आवाज.

बाहेर पळत गेले. घराघराच्या पायरीवर बाई उभी, आणि प्रत्येकीच्या हातात फडक्यात धरलेला गरम दिवा. अंडी गोळा करून आणल्यासारख्या! सगळ्यांनी एकदम दिवे काढले होते. सगळ्यांनी! भर दुपारी, पाहणी चालू असताना.

बाईंनी निघताना एवढंच म्हटलं, “आज मी ‘बंद’ लिहिणार. दुसरं काही लिहिता येणार नाही मला.”

२४ ऑक्टोबर

कोडं सुटलं. कोडं कसलं, भावजी!

ओसरीवर येऊन मान खाली घालून बसले. “वहिनी, मला वाटलं, सरकारी पाहुणे, भर दुपारी घरोघरी दिवे. उधळे लोक म्हणतील. सरकार वीज वाचवा म्हणतं ना.” म्हणून आदल्या दिवशी घरोघरी निरोप देऊन आले, की साहेब पहिल्या घरात शिरले की हळूच दिवा काढायचा. मला सांगितलं नाही, कारण मी आरडाओरडा केला असता. केलाच असता!

पण मला राग भावजींचा नाही येत एवढा. त्यांना समितीची खुर्ची कळते, चाक कधीच कळलं नाही. बाकीच्यांचं काय? इतकी वर्षं हा नियम पाळताहेत. शिंपिणीला विचारलं, तुझी अक्कल कुठे गेली होती? ती म्हणाली, “मला वाटलं, माझा एकटीचाच एक दिवा. बाकीचे थोडेच ऐकतील भावजींचं?” गिरणीवालाही तेच म्हणाला. जाऊबाईही तेच. प्रत्येकाला वाटलं आपलं एकट्याचं काय ते. यांच्यावर हसू की डोकं आपटून घेऊ!

२७ ऑक्टोबर

रडणार नाही. इथे लिहून ठेवलंय म्हणजे आता रडता येणार नाही.

जनरेटर उचलून शहरात नेला. वाइंडिंगवाल्यानं झाकण काढलं आणि तोंडच वाकडं केलं. म्हटलं, तोंड वाकडं करू नकोस, काम कर. तारा नव्यानं भरून देतो म्हणाला, पण वेळ लागेल. लागू दे. दाराची खाचही तासून घेतली पाहिजे, ती अडकली नसती तर वाचलो असतो. ते मी स्वतः करणार.

इंजिनिअरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दुरुस्ती झाली तर एकदा फेरपाहणी मागता येते, अर्ज तेवढा लगेच टाका. टाकला. ही बाई कामाची आहे.

३ नोव्हेंबर

अंधार आहे. वस्तीभर मेणबत्त्या. संध्याकाळी चाकावर जायचं नाही म्हणून हातापायांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन्ही वेळा घरी जेवतेय. घरात आम्ही दोघीच. सासूबाई लग्नातल्या, बाळंतपणातल्या, ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसतात, संपवतच नाहीत. मी हं हं करते आणि मनात दाराची खाच तासते.

५ नोव्हेंबर

लाइनवाला आला! बरोबर वेळ साधली पठ्ठ्यानं. मोठ्या वीज कंपनीचा माणूस, कडक इस्त्री, गोड जीभ. खांब म्हणे वळणापर्यंत आलेत, वस्तीत आणायला कितीसा वेळ. मीटर फुकट. जोडणी फुकट. “कशाला त्या चाकाची कटकट, काकू? एका जणानं तरी घ्या, बाकीचे आपोआप येतील.”

मी विचारलं, आणि आमचं चाक? तर म्हणाला, त्याच तारांवर दोन विजा चालत नाहीत, ते बंद करावं लागेल. असं म्हणाला, जसं काही घरातली जुनी खाट बाहेर काढायचीय.

इंजिनिअरबाईंना पुन्हा फोन. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “योजना मोठी लाइन नसलेल्या ठिकाणांसाठी आहे. तुमच्याकडे लाइनचा एक जरी मीटर बसला, तरी तुमची फाइल बंद. एकही. नियम मी केलेला नाही, पण मला तो पाळावा लागतो.”

म्हणजे आता लढाई पाण्याशी नाही, यंत्राशी नाही. आपल्याच दारांशी.

६ नोव्हेंबर

खालच्या गावात लाइन आहे. वाऱ्याची झुळूक आली की जाते. मग लोक फोन लावतात आणि पलीकडून बाई सांगते, आपला फोन आम्हाला महत्त्वाचा आहे. आमचं चाक बंद पडलं तर लोक मला उठवतात, मी तोंडानं बडबडत जाते आणि चालू करते. यात मागासलेलं कोण, मला कुणीतरी सांगा.

पाट ह्यांनी आणि वस्तीनं मिळून खणला. कातळ फोडला. तेव्हा कुठे होती लाइन? आणि आता सरकार स्वतःहून म्हणतंय की असल्या चाकांना उभं करू, तर आम्ही फुकटच्या मीटरला भुलून चाक भंगारात द्यायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही.

११ नोव्हेंबर

दारोदार फिरतेय. मत मागणारे पुढारी बरे, ते निदान गाडीतून येतात.

गिरणीवाला म्हणाला, लाइन आली तर मोठी मोटर लावीन. मी म्हटलं, लाव की, पण ती बंद पडली तर शिव्या कुणाला देशील? आत्ता मी हाकेच्या अंतरावर आहे. लाइनवाल्याला शिवी द्यायला तुला शहरात जावं लागेल. हसला. हसला म्हणजे अर्धा आपला. नव्या जनरेटरवर तुझी मोटर चालेल असं सांगितल्यावर पुरा आपला.

शिंपिणीला अजून दिवा काढल्याची लाज वाटतेय. ती लगेच हो म्हणाली. तिला सांगितलं, पेटी आली की वेग आपोआप सांभाळला जाईल. मग मी संध्याकाळी घरीच असेन, ये गप्पा मारायला. म्हणाली, “तू आणि घरी? बघितल्याशिवाय विश्वास नाही बसायचा.”

१३ नोव्हेंबर

जाऊबाईनं चहा पुढे केला. मग म्हणाली. “ताई, मला फ्रीज हवाय. एवढंच. तुमचं चाक, तुमचा पाट, सगळं मान्य आहे. पण माझं दूध नासतं.” मी म्हटलं, नव्या जनरेटरवर फ्रीज चालेल. “आणि नाही चालला तर?” तर तुझं दूध रोज सकाळी मी घेऊन जाईन आणि ओढ्यात बुडवून गार करून आणीन. तिला हसू फुटलं. कबूल झाली. आता फ्रीज चालला नाही तर माझी धडगत नाही.

भावजी दाराआडून ऐकत होते. अध्यक्ष!

१८ नोव्हेंबर

जनरेटर परत आला! बैलगाडीनं वर चढवला, शेवटचा चढ सगळ्यांनी मिळून ढकलला. दाराची खाच मी तासून, तेल देऊन ठेवली होती. आता दांडा दोन बोटांनी खाली येतो.

पाणी सोडलं. काटा उठला. एकेका घरात दिवा लागत गेला तसं मी दार उघडत गेले. वस्तीत लोक ओरडत होते. मी खोलीत एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, “ये आता, कर बघू बंद!” कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. लाइनवाल्याला, बहुतेक.

सासूबाईंना हाक मारून सांगायला गेले. त्या दिव्याकडे बघत होत्या. “लागला का,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आज तू तिकडे.” म्हटलं, हो तर! डबा घेऊन पळाले.

२० नोव्हेंबर

बैठक, जनरेटरखोलीसमोरच्या अंगणात. घरटी एक माणूस. सासूबाईंचे गुडघे धरलेत, चढ चढवत नाही, तेव्हा आमच्या घराकडून मीच. 

लाइनवालाही आला होता, हसत. त्यानं पुन्हा फुकटचं गाणं म्हटलं. मग भावजी उठले. मला वाटलं आता हे दोन्ही दगडांवर पाय ठेवणार. पण नाही! म्हणाले, “दिवे मी काढायला लावले. जनरेटर माझ्या शहाणपणानं जळला. वहिनींनी मला एका शब्दानं चारचौघांत बोलून दाखवलं नाही.” (घरात किती बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, उपकार!) “आता ज्यांना लाइन नको त्यांनी हात वर करा.” आणि स्वतःचा पहिला केला.

सगळे हात वर. एकूण एक. मी मान वळवून वळवून बघत होते, कुणाचा अर्धवट तर नाही ना. लाइनवाल्यानं कागद गोळा केले. जाताना म्हणाला, “आज नको म्हणताय. खांब तर आणतोच आम्ही. बघू.”

आण म्हटलं खांब. वाळत घालायला दोरी बांधू.

२८ नोव्हेंबर

फेरपाहणी. दिवे सगळे जागेवर, भर दुपारी लख्ख. जाऊबाईनं तर दिव्याखाली पाट टाकून स्वतः बसून राखण केली, कुणी हात लावेल म्हणून.

इंजिनिअरबाईंनी सगळं चालवून घेतलं. घंटा वाजली, गिरणी बंद झाली, मी दार खाली घेतलं, काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. पुन्हा उलट. मग त्यांनी स्वतः दांडा हातात घेतला आणि त्यांनाही जमलं. पहिल्या झटक्यात जमलं याचा मला थोडा रागच आला.

“शिफारस करते,” म्हणाल्या. “आदेश निघायला दोनएक आठवडे. त्याआधी लाइन कंपनीकडून विचारून घेतात, इथे कुणाची जोडणी आहे का. तेवढं सांभाळा.”

सांभाळलेलंच आहे म्हटलं. एकूण एक हात वर होता आमचा.

६ डिसेंबर

लाइनवाल्याची माणसं खांब घेऊन वस्तीत आली. शेवटचा खांब नेमका आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात. मुद्दामच, मला चिडवायला! दिवसभर खड्डा खणत होते. मी जाता-येता त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. म्हटलं, आई, कशाला लाड? म्हणाल्या, “माणसं आहेत. दुपारभर कुणीतरी बोलायला होतं.”

द्या चहा. चहा पिऊन काही मीटर बसत नाही.

९ डिसेंबर

भावजींनी खबर काढली. आमची फाइल वरच्या टेबलावर गेलीय, फक्त लाइन कंपनीचं उत्तर यायचंय. जनरेटर कुठे ठेवायचा ते आखून ठेवलं. पेटीसाठी भिंतीत कोनाडा केला. हातानं पोचता येईल असा, म्हणजे कधी बिघडलीच तर थोबाडीत द्यायला बरी.

खूप दिवसांनी इतकी खूश आहे. हे असते तर त्यांनाही म्हटलं असतं, बघा, सरकारनं शेवटी तुमच्या पाटाला मान दिला. आणि त्यांनी म्हटलं असतं, जाळी साफ केलीस का?

१२ डिसेंबर

वस्तीत लाइनचा एक मीटर बसला. आमच्या घरी.

मी जाळीवर होते. घर सासूबाईंच्या नावावर, अंगठा त्यांचा. परत आले तर दाराशेजारी नवा कोरा मीटर आणि आत कंपनीचा दिवा. बटणासकट.

काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सगळ्या दारांत जाऊन विचारलंस. मला कुठे विचारलंस? जनरेटर जळला होता तेव्हा तू घरी जेवत होतीस. तेवढेच दिवस मी कुणाशी तरी बोलत जेवले. चाक बंद झालं की तू घरी राहशील, एवढंच मला कळलं.”

चाकाचा वेग सांभाळणारी ती पेटी आली असती तर मी रोज संध्याकाळी घरीच असते. शिंपिणीला सांगितलं होतं. सासूबाईंना सांगितलंच नव्हतं.